विशाल दीर्घिका: जन्मतःच मोठ्या, की गिळून मोठ्या झालेल्या?

नभोवेधी (धागाकर्ता)

आधी लहान दीर्घिका, मग त्यांची विलीनीकरणं आणि सरतेशेवटी एम ८७ सारखी अजस्र लंबगोल दीर्घिका. थेंबे थेंबे तळे साचे. मीही वर्षानुवर्षं लोकांना हेच सांगत आलो. आता हे सांगणं थांबवावं असं माझं स्पष्ट मत झालंय, म्हणून हा धागा.

जीएस-९२०९ ही दीर्घिका घ्या. जेम्स वेब दुर्बिणीने घेतलेला तिचा वर्णपट २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याला ती दिसते महास्फोटानंतर जेमतेम १.२५ अब्ज वर्षांनंतरची, आणि तेव्हाच तिच्यात सुमारे ४० अब्ज सूर्यांइतके तारे आहेत. म्हणजे जवळपास आपल्या आकाशगंगेइतके! त्या वर्णपटात हायड्रोजनच्या शोषणरेषा (प्रकाश शोषला गेल्याने उमटणाऱ्या काळ्या रेषा) इतक्या खोल उतरल्यात की नजर तिथेच अडते. अशा रेषा अभिजित किंवा व्याध यांच्यासारख्या ताऱ्यांच्या असतात. त्यांच्याहून तापट, निळे, अल्पायुषी तारे मरून गेलेत आणि नवे जन्मलेले नाहीत. तारकानिर्मिती त्याआधीच कोट्यवधी वर्षं थांबलेली आहे.

आपल्या शेजारच्या लंबगोल दीर्घिकाही तेच सांगतात. त्यांच्या ताऱ्यांत लोहाच्या मानाने मॅग्नेशियम जास्त आहे. मॅग्नेशियम येतं वजनदार ताऱ्यांच्या स्फोटातून, लगेच. बरंचसं लोह येतं श्वेतबटूंच्या, म्हणजे विझलेल्या ताऱ्यांच्या उरलेल्या गाभ्यांच्या स्फोटातून, सावकाश. लोह मिसळायच्या आत तारे घडून मोकळे झाले, म्हणजे सगळं काम साधारण अब्ज वर्षांच्या आत उरकलं. मग गिळण्यासाठी उरतंच काय?

रात्रपाळी

असहमत. तुम्ही ताऱ्यांचं वय मोजताय आणि त्यालाच दीर्घिकेचं वय म्हणताय. शंभर वर्षांपूर्वीच्या विटा आणून काल घर बांधलं, तर विटा जुन्या आणि घर कालचं.

दीर्घिकासमूहांच्या मध्यावर बसलेल्या सर्वांत तेजस्वी दीर्घिकांचा इतिहास २००७ साली मिलेनियम सिम्युलेशनच्या (विश्वाची वाढ संगणकावर घडवून पाहणाऱ्या प्रयोगाच्या) आधारे मांडला गेला. त्यात ८० टक्के तारे विश्व सुमारे २ अब्ज वर्षांचं असतानाच घडलेले निघाले. पण अंतिम वस्तुमानापैकी निम्मं एकाच दीर्घिकेत गोळा व्हायला मात्र अलीकडची ५ अब्ज वर्षं उजाडावी लागली. तारे जुने, दीर्घिका तरुण. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत.

नभोवेधी

सिम्युलेशन म्हणजे निरीक्षण नव्हे. आणि विटांची उपमा धरायची तर विटा कुठल्या, ते सांगा. लहान दीर्घिकांत तारे रेंगाळत घडतात, त्यामुळे त्यांच्यात मॅग्नेशियमच्या मानाने लोहाचं प्रमाण चढं असतं. तशा विटांनी सगळं घर बांधलं असतं तर मॅग्नेशियमचं पारडं एवढं जड राहिलंच नसतं.

ध्रुवमत्स्य

एक सावधगिरी. वेबच्या सुरुवातीच्या बातम्यांवर इमारत उभी करू नका. २०२३ मध्येच महास्फोटानंतरच्या ५० ते ७० कोटी वर्षांतल्या सहा संभाव्य भारी दीर्घिका गाजल्या होत्या. त्यांतल्या एकीचा वर्णपट घेतल्यावर ती अपेक्षेपेक्षा बरीच जवळ निघाली, आणि तिच्यात कृष्णविवराभोवतीच्या वेगवान वायूची खूणही सापडली. नुसत्या रंगावरून काढलेलं वस्तुमान असं फसवतं. जीएस-९२०९ चं तसं नाही, तिचा वर्णपट हातात आहे. तो मुद्दा मान्य.

कृत्तिका

नभोवेधी, तुमचा मॅग्नेशियमचा मुद्दा बिनतोड आहे, पण तो गाभ्यापुरता. तुम्ही आकाराबद्दल एक शब्द काढला नाहीत, आणि माझ्या मते सगळा निकाल तिथेच लागतो.

१० अब्ज वर्षांपूर्वीच्या, तारकानिर्मिती थांबलेल्या भारी दीर्घिका पाहा. वस्तुमान आजच्या लंबगोल दीर्घिकांइतकं, पण त्रिज्या त्यांच्या तिसऱ्या ते पाचव्या हिश्शाएवढी. इतक्या घट्ट दीर्घिका आज आसपास क्वचितच दिसतात. मग त्या गेल्या कुठे? फुगल्या. नवे तारे न घडवता फुगायचं, तर बाहेरून तयार तारे यायला हवेत. दोन समान दीर्घिका एकत्र आल्या तर वस्तुमान दुप्पट, त्रिज्याही साधारण दुप्पट. तेवढंच वस्तुमान बारीकसारीक दीर्घिकांतून आलं तर त्रिज्या चौपटीपर्यंत जाते, कारण आलेले तारे कडेलाच पसरतात. लोहाची तक्रारही इथे मिटते. गाभ्याला हात लागत नाही.

आणि न फुगलेलीही एक सापडली आहे: एनजीसी १२७७. ययाती तारकासमूहाच्या दिशेने दिसणाऱ्या ययाती दीर्घिकासमूहात, सुमारे २४ कोटी प्रकाशवर्षांवर. शंभर अब्ज सूर्यांहून अधिक वस्तुमान, पण अत्यंत आटोपशीर, आणि तारे जवळजवळ सगळे जुने. २०१८ मध्ये हबलच्या छायाचित्रांवरून तिच्या गोलाकार तारकागुच्छांची (ताऱ्यांच्या दाट, गोल पुंजक्यांची) मोजदाद झाली. भारी दीर्घिकांत लाल आणि निळे असे दोन्ही गुच्छ असतात. लाल तिथेच जन्मलेले, निळे बहुतांशी गिळलेल्या लहान दीर्घिकांसोबत आलेले. एनजीसी १२७७ मध्ये निळे जवळजवळ नाहीतच! काहीच गिळलं नाही तर दीर्घिका कशी राहते, ते या एका उदाहरणात डोळ्यांनी दिसतं.

रात्रपाळी

हेच म्हणत होतो, कृत्तिकाताईंनी नेमकं मांडलं. निरीक्षणच हवं असेल तर एम ८७ पाहा. २०१५ मध्ये तिच्या बाहेरच्या भागातल्या सुमारे ३०० ग्रहीय तेजोमेघांचे (मरणाऱ्या ताऱ्यांनी झटकलेल्या वायूच्या ढगांचे) वेग मोजले. त्यातून उघड झालं की गेल्या अब्ज वर्षांत तिने एक मध्यम आकाराची दीर्घिका गिळली आहे. ते तारे अजून पुरते मिसळलेलेही नाहीत.

मंदाकिनी

तारे कुठून आले यावरच सगळी चर्चा चाललीय. मला त्याहून मोठा प्रश्न वाटतो तो असा, की या दीर्घिका पुन्हा तारे का घडवत नाहीत? वायू संपला म्हणावं तर तसं नाही. दीर्घिकासमूहांत कोट्यवधी अंश तापमानाचा वायू भरून राहिलाय. तो निवून मध्यावर उतरला तर पुन्हा ताऱ्यांचा पूर येईल. त्याच ययाती दीर्घिकासमूहाच्या मध्यावर एनजीसी १२७५ ही दीर्घिका आहे. तिचं कृष्णविवर झोत सोडून त्या वायूत प्रचंड पोकळ्या करतं. चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीला २००३ मध्ये तिथे तरंग दिसले, म्हणजे वायूतल्या ध्वनिलहरीच. या ऊर्जेमुळे बहुतेक वायू निवू शकत नाही. विशाल दीर्घिकेच्या इतिहासात हे कृष्णविवर वगळून चालणार नाही.

नभोवेधी

मंदाकिनी, पूर्ण सहमत, मी ते वगळायला नको होतं. कृत्तिका, आकाराचा मुद्दा मान्य. शीर्षकातला 'जन्मतःच' मी गाभ्यापुरता मर्यादित करतो. पण तेवढ्यापुरता मी ठाम आहे, तो गाभा थेंबाथेंबाने साचलेला नाही. एक शंका: एनजीसी १२७७ एवढ्या गर्दीच्या समूहात राहून उपाशी कशी राहिली?

कृत्तिका

गर्दीमुळेच. समूहात दीर्घिका सेकंदाला हजार किलोमीटरच्या आसपास वेगाने फिरतात. इतक्या वेगाने शेजारून गेलेली दीर्घिका पकडीत येत नाही, नुसती निसटून जाते. मध्यावर स्थिर बसलेल्या एनजीसी १२७५ चं वेगळं, तिच्याकडे सगळं हळूहळू खाली उतरत येतं. दोघी एकाच छायाचित्रात मावतात, हबलचं किंवा एखादं मोठ्या दुर्बिणीचं चित्र काढून शेजारी शेजारी पाहा. एक पसरट, वायूच्या धाग्यांनी वेढलेली. दुसरी लहान, गच्च, कडा लगेच संपणारी.