मदत हवी आहे: गाला डिनरच्या कूपनावर ८०जीची (देणगीवर आयकरात सवलत देणारी) पावती देता येते का? (जरा लवकर सांगा)

रात्रपाळी_लातूर:
नमस्कार मंडळी. सरळ मुद्द्यावर येतो. आमच्या गाला डिनरचं कूपन २५०० ला ठेवलंय, लोक म्हणायलेत की ८०जीची पावती मिळणार असेल तर चार घेतो नाहीतर एकच द्या. तर पावती देता येते का आणि पावतीबुकावर नेमकं काय छापायचं एवढंच सांगा, प्रेसवाला उद्या दुपारपर्यंत मजकूर मागायलाय. वक्त्या फार मोठ्या आहेत, त्यांचा होकार येऊन बसलाय, त्यामुळं वेळ नाही. गुगल करा म्हणू नका, केलंय.

आकडेमोड:
कोणाचं डिनर? कशासाठी? कूपन विकतंय कोण? ट्रस्ट, सोसायटी, क्लब का चार दोस्त? ८०जीची मान्यता संस्थेला असते, जेवणाला नसते.

परभणीचा_पाहुणा:
२५०० चं ताट? आमच्याकडं तेवढ्यात आठ जणांची पंगत उठते अन् वर पान.

रात्रपाळी_लातूर:
ताटाचे २५०० नाहीत हो, वरचे पैसे संशोधनाला जाणार. आम्ही नर्सिंग कॉलेजचा माजी विद्यार्थी संघ. १२ मे २०२५ ला परिचारिका दिनाच्या संध्याकाळी कार्यक्रम. जमा होईल त्यातून वॉर्डात काम करणाऱ्या सिस्टर-ब्रदरना छोट्या संशोधनासाठी पैसे द्यायचेत. संघाची नोंदणी नाही, सध्या सगळं अध्यक्षांच्या खात्यावर यूपीआयनं येतंय. आता सांगा काय छापू.

आकडेमोड:
काही छापू नका. आधी त्या खात्यावर पैसे घेणं आजच्या आज बंद करा. नोंदणीच नाही तर ८०जी कुठून आणणार? आणि नोंदणी नसताना लोकांकडून अशी वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात कळवावं लागतं, ते केलंय का? उद्या अध्यक्षांना इन्कम टॅक्सची नोटीस आली की तेच म्हणतील मला काय माहीत, पोरांनी केलं. कॉलेज चालवणारी जी संस्था आहे तिच्याकडं १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी) आणि ८०जी (देणाऱ्याला सवलत) आहे का ते बघा. असेल तर संस्थेचा ठराव घ्या, पैसे संस्थेच्या खात्यावर या कामापुरते वेगळे धरा, पावती संस्थेच्या नावानं फाडा.

ऊसाचा_फड:
एवढी झंझट कामून करता? एखाद्या साखर कारखान्याच्या चेअरमनला गाठा, सीएसआरमधून (कंपन्यांच्या समाजकार्याच्या पैशातून) एका सहीत पाच लाख. आमच्या गावच्या शाळेला असंच दिलं.

आकडेमोड:
सहकारी कारखान्याला सीएसआरचा कायदा लागतच नाही, तो कंपनी कायदा २०१३ मधला आहे. सहकारी संस्था त्यात येत नाही. चेअरमननी दिले असतील तर दुसऱ्या कुठल्या फंडातून दिले असतील. खासगी कारखाना कंपनी असेल आणि नफा ५ कोटीच्या वर असेल तर विषय निघू शकतो, पण तिथंही घेणाऱ्या संस्थेचा सीएसआर-१ नोंदणीचा नंबर लागतो.

ऊसाचा_फड:
फंड कुठला का असेना, पैसे आले ना? तुम्ही सीए लोक कामापेक्षा फॉर्म जास्त दाखवता.

तटस्थ_वाचक:
मला एक कळत नाही, राग मानू नका. संशोधन डॉक्टर करतात, नर्सनं सलाईन आणि इंजेक्शन वेळेवर दिलं तरी पुष्कळ झालं. हा सगळा फोटो काढायचा कार्यक्रम वाटतो. तेवढे पैसे पेशंटच्या औषधांना द्या.

मेट्रनबाई_नांदेड:
तटस्थ साहेब, निवृत्त झाल्यापासून मी कोणाला बोलत नाही पण आज बोलते. ज्या बाईच्या वाढदिवसाला १२ मे पाळतात ती नाइटिंगेल दिवा घेऊन नुसती फिरली नाही. क्रिमियाच्या लढाईत शिपाई जखमांपेक्षा हॉस्पिटलातल्या रोगराईनं जास्त मेले, हे तिनं आकडे मांडून १८५८ साली गोल आलेख काढून सरकारला दाखवलं, तेव्हा कुठं सरकार हललं. अलीकडचं हवं असेल तर २००२ चा अमेरिकेतला अभ्यास बघा, पेनसिल्वेनियातल्या १६८ हॉस्पिटलांचा. ऑपरेशनच्या पेशंटमध्ये एका नर्सवर एक पेशंट जादा पडला की ३० दिवसांत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. करणारी मुख्य बाई स्वतः नर्स. आता आमच्याकडं एका सिस्टरवर रात्री किती पेशंट असतात ते कुठल्याही सरकारी वॉर्डात जाऊन मोजा आणि मग औषधांचं बोला. बेडसोअरचंच घ्या, म्हणजे एका कुशीवर पडून पडून होणाऱ्या जखमा. दर दोन तासांनी कूस बदला असं पुस्तकात आहे, पण चाळीस खाटांत दोन सिस्टर असताना ते होतं का, नातेवाइकाला शिकवलं तर होतं का, हे कोण तपासणार? राउंडला येऊन दहा मिनिटांत जाणारे?

तटस्थ_वाचक:
मी एवढंच म्हटलं की प्राधान्य काय असावं. बाकी अभ्यास अमेरिकेतला आहे हे तुम्हीच सांगितलंत.

मेट्रनबाई_नांदेड:
म्हणून तर इथला करायला पैसे लागतात ना.

रात्रपाळी_लातूर:
मॅडम शंभर टक्के. पहिले दोन विषय ठरलेत, एक हाच बेडसोअरचा. दुसरा ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचा. दिवाळीच्या आसपास टोळी कारखान्यावर निघून जाते, गरोदर बाईचं कार्ड इथल्या उपकेंद्रात आणि बाई कोल्हापूर नाहीतर कर्नाटकात, मधल्या तपासण्यांचं काय होतं ते एक सिस्टर बघणार आहे. पण पावतीचं अर्धंच राहिलं. संस्थेकडं ८०जी आहे, आत्ताच क्लार्कला फोन केला. मग २५०० ची पावती देऊ ना?

आकडेमोड:
नाही. कूपन म्हणजे जेवणाची विक्री, त्याच्या बदल्यात माणूस ताट घेतोय. देणगी ती ज्याच्या बदल्यात काही मिळत नाही. जेवणाचं कूपन खर्चाएवढंच ठेवा आणि देणगी वेगळी, ज्याला जेवढी द्यायची तेवढी. देणगीचीच पावती, त्यावर देणाऱ्याचा पॅन नाहीतर आधार आणि पत्ता घ्याच, नाहीतर वर्ष संपल्यावर संस्थेला १०बीडी (देणगीदारांच्या यादीचा फॉर्म) भरता येणार नाही आणि त्याशिवाय देणाऱ्याला सवलतीसाठीचं १०बीई प्रमाणपत्र निघत नाही. रोख २००० च्या वर घेतली तर ती ८०जीत चालत नाही. आणि चार कूपनं घेतो म्हणणाऱ्यांना विचारा ते कुठल्या करप्रणालीत आहेत, नव्या करप्रणालीत ही वजावट मिळतच नाही. निम्मे गळतील बघा.

मांडव_आणि_माईक:
मी जालन्याचा, मांडव-साउंडचा धंदा आहे. कार्यक्रम हॉलमध्ये आहे का बाहेर? किती वाजता? १० नंतर माईक बंद करावा लागतो, पोलीस येतात.

परभणीचा_पाहुणा:
बंद हॉलला तो नियम नाही, आतपुरता आवाज चालतो.

मांडव_आणि_माईक:
हॉलला नाही, मान्य. म्हणूनच विचारलं हॉल का बाहेर.

रात्रपाळी_लातूर:
लॉन आहे, औसा रोडला. ७ ला सुरू. पण माझा प्रश्न माईकचा नाही.

मांडव_आणि_माईक:
अहो तुमचा प्रश्न माईकचाच आहे. लॉनवर ७ ची वेळ छापली की पावणेआठला दीपप्रज्वलन. सत्कार किती?

रात्रपाळी_लातूर:
अध्यक्षांनी यादी दिलीय, २६ नावं. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह, फेटा. मी म्हटलं कमी करा तर म्हणाले एकाचं नाव काढलं तर त्यानं घेतलेली टेबलभर कूपनं जातील.

मांडव_आणि_माईक:
एका सत्काराला दोन मिनिटं धरा, फोटोग्राफर "सर इकडं, मॅडम जरा डावीकडं" म्हणतोच, अन् नारळ हातातून निसटला की अजून एक मिनिट. तास गेला. वर प्रास्ताविक, परिचय, आमदार साहेब आले तर त्यांचं मनोगत. साडेनऊला तुमच्या मोठ्या वक्त्या उभ्या राहणार, तिकडं पोळ्या निघाल्याचा वास सुटलेला, अर्धे लोक उठून ताटाकडं. मी असे कार्यक्रम लई लावलेत. वक्त्यांना पहिल्या अर्ध्या तासात बोलवा, त्यांचं संपलं की लगेच, माणसं खुर्चीत बसलेली असताना, देणगीचे फॉर्म फिरवा. जेवण सुरू झाल्यावर माईकवर देणगी मागणाऱ्याकडं कोणी मान वर करून बघत नाही.

मेट्रनबाई_नांदेड:
हे बरोबर आहे. आणि बाळा, सत्कार करायचाच तर रात्रपाळीच्या सिस्टरांचा कर, चेअरमन लोकांच्या घरी शालींचा ढीग पडलाय.

येसर_आमटी:
जेवणात काय ठेवलंय? पनीर आणि मंचुरियन ठेवू नका, सगळीकडं तेच. येसर आमटी (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची), ज्वारीची भाकरी, ठेचा, धपाटे ठेवा. बाहेरगावच्या पाहुण्या खूश होतील. येसर घरचा लागला तर सांगा.

वैशाखवणवा:
मे महिन्यात रात्री येसर आमटी? घाम पुसायला रुमाल कूपनासोबत देणार का? बाकी वळवाचं वादळ आलं तर लॉनवरचा मांडव कुठं जाईल ते मांडववाले दादाच सांगतील.

येसर_आमटी:
आमच्या लग्नात मेमध्येच होती. कोणी मेलं नाही.

सम्यक_धाराशिव:
एक विचारू का. १२ मे, सोमवार. त्याच दिवशी बुद्ध पौर्णिमा आहे, सरकारी सुट्टी. संध्याकाळी शहरात रॅली, खीरदान, विहारात वंदना. तुमच्या सिस्टर-ब्रदरमधलेच कितीतरी जण तिकडं असणार. कमिटीत कोणी बोललं नाही का?

रात्रपाळी_लातूर:
कमिटीतल्या दोघींनी बोललं होतं, अध्यक्ष म्हणाले तारीख जागतिक आहे. पण तुम्ही म्हणता ते खरंच आहे, आमचे दोन मुख्य कार्यकर्तेच येणार नाहीत म्हणायलेत. रविवारी ११ ला घ्यावं का? वक्त्या मुंबईहून येणार आहेत, लातूर एक्सप्रेसचं तिकीट अजून काढायचंय.

मांडव_आणि_माईक:
११ ला लॉन रिकामं असेल तर माझं नाव बदला. मेचा रविवार आहे. तिथी असली तर लग्न असणारच. हॉल बघा, १० चा प्रश्नही मिटतो अन् वादळाचाही.

ऊसाचा_फड:
रेल्वेपेक्षा हैदराबादला विमानानं आणा, पुढं गाडी पाठवा. मोठ्या वक्त्या आहेत म्हणता अन् रात्रभर रेल्वेत बसवता?

मेट्रनबाई_नांदेड:
त्यांनाच विचारा काय सोयीचं. नर्सिंगमध्ये आयुष्य गेलेल्या बाईला रात्रभर जागायचं नवीन नाही.

रात्रपाळी_लातूर:
बरं. प्रेसवाल्याला थांबवलंय. संस्थेच्या सचिवांना सकाळी भेटतो, ठराव झाला की कूपन ७०० आणि देणगी वेगळी असं करतो. वक्त्यांना ११ चं विचारलंय, उत्तर यायचंय. आकडेमोड सर, शेवटचं, आमच्या बॅचच्या तीन सिस्टर आयर्लंडला आहेत, त्या पाठवतो म्हणतात. चालेल?

आकडेमोड:
भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असतील तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर संस्थेकडं एफसीआरए (परदेशी देणगी घेण्याच्या कायद्याखालची) नोंदणी लागते, ती नसेल तर एक युरोसुद्धा घेऊ नका. पासपोर्टची प्रत मागवून ठेवा.

परभणीचा_पाहुणा:
सर, विषय निघालाच आहे तर, आमच्या मामांच्या शाळेच्या ट्रस्टचं ऑडिट तीन वर्षांचं राहिलंय. तुमचं ऑफिस कुठं आहे?

आकडेमोड:
त्याचा वेगळा धागा काढा.