मदत हवी आहे: लेकीच्या छातीत ‘मर्मर’ (हृदयाच्या ठोक्यांसोबत येणारा जादा आवाज) ऐकू आला

माझी लेक ४ वर्षांची. गेल्या आठवड्यात ताप आला म्हणून दाखवायला नेलं. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं. म्हणाले, “मर्मर आहे, पण निरुपद्रवी वाटतोय. तापात हृदय जोरात काम करतं, म्हणून जास्त ऐकू येतो. ताप उतरला की पुन्हा आणा.”

वजन वयाप्रमाणे आहे, दिवसभर पळते, धाप लागत नाही, ओठ कधी निळे पडले नाहीत. तरी रात्री मी तिच्या छातीला कान लावून बसते.

कुणाच्या मुलाला असं निघालं होतं का? तापानंतर आवाज गेला का? टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करायची वेळ आली तर एवढं लहान मूल शांत पडून राहतं, की झोपेचं औषध देतात? हिमोग्लोबिन कमी असलं तरी मर्मर येतो, तर तेही तपासायला सांगू का?