जिल्ह्याचा आरोग्य आराखडा: खालून वर की वरून खाली?

रानवाट:
राष्ट्रीय आरोग्य अभियानात जिल्ह्याचा आराखडा होतो, त्याला सगळे पीआयपी (प्रोग्राम इम्प्लिमेंटेशन प्लॅन) म्हणतात. गाव, उपकेंद्र, तालुका, जिल्हा अशा पायऱ्या चढत तो राज्याकडे आणि मग दिल्लीला जावा, असा नियम. मी चार वर्षं एका डोंगरी तालुक्यात हे काम केलं. प्रत्यक्षात आधी वरून एक्सेलचा तक्ता यायचा. ओळी ठरलेल्या, प्रत्येक ओळीला कोड. तुमच्या गरजेला ओळ नसेल तर ती गरजच नाही.

आमच्याकडे नदीपलीकडे नऊ पाडे, मिळून सतराशे माणसं. पाऊस लागला की सिस्टरला पलीकडे जाता येत नाही. आम्ही तिथे उपकेंद्र मागितलं. डोंगरी-आदिवासी भागाचा निकष ३,००० लोकसंख्येचा, म्हणून प्रस्ताव परत. पुढच्या वर्षी पुन्हा पाठवला, पुन्हा तेच. आणि ही लोकसंख्यासुद्धा २०११ च्या जनगणनेची! डोकी मोजण्याऐवजी दवाखान्यात पोचायला लागणारा वेळ मोजा, आणि आराखड्यातली चौथा हिस्सा रक्कम जिल्ह्याला त्याच्या गरजेप्रमाणे वापरू द्या, असं माझं ठाम मत आहे.

मध्यान्ह:
अजिबात पटलं नाही. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दवाखान्यातली बाळंतपणं ३८.७ टक्के होती, २०१९-२१ मध्ये ८८.६ टक्के. मधल्या काळात दवाखान्यातल्या बाळंतपणासाठी पैसे देणारी जननी सुरक्षा योजना आली, आशा आल्या, १०८ ची गाडी आली. हे एकेका जिल्ह्याने आपापलं ठरवून झालं असतं का? जिथे अधिकारी चांगला तिथे झालं असतं, बाकीचे जिल्हे तसेच राहिले असते.

आणि गावातून मागणी कशाची येते? इमारतीची, डॉक्टरची, गाडीची. क्षयरोगाच्या गोळ्या मागणारी ग्रामसभा मी अजून पाहिलेली नाही. कुष्ठरोग, मानसिक आजार यांच्यासाठी तर कोणीच ओरडत नाही. अशा रुग्णांसाठी वरूनच आग्रह लागतो. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचंच बघा. आदिवासी भागात पिढ्यान् पिढ्या दुखणं होतं, पण गावोगाव तपासणीला जोर चढला तो २०२३ ला राष्ट्रीय मोहीम आल्यावर.

राहिला वेळेचा निकष. निवडक डोंगरी आणि वाळवंटी जिल्ह्यांसाठी उपकेंद्र चालत ३० मिनिटांच्या आत हवं, असा निकष केंद्रानेच आणला आहे. मग दोष धोरणाचा कसा?

रानवाट:
निवडक! आमचा तालुका त्या निवडीत नाही, आणि निवड आम्ही करत नाही. मुद्दा तोच आहे.

शिवाय तुम्ही ज्या आशांचा दाखला देता, त्यांचं नवजात बाळाला घरी जाऊन बघण्याचं काम आलं कुठून? गडचिरोलीतून. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आणले, १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. तेव्हा कुठल्या तक्त्यात याला ओळ होती?

मध्यान्ह:
हे तर माझ्याच बाजूचं उदाहरण झालं. तो प्रयोग ३९ गावांत होता. २०११ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम झाला तेव्हा तो देशभरातल्या बाळांपर्यंत गेला. नाहीतर ३९ गावांतच राहिला असता.

ताळेबंद:
मी हिशेबाच्या बाजूने बोलतो, कारण आराखडा खरा मोडतो तो तिथे. अभियानाच्या पैशात केंद्र ६० टक्के, राज्य ४० टक्के असा वाटा. मंजुरी यायला उशीर, त्यानंतर निधी हप्त्याहप्त्याने. आमच्याकडे मोठी रक्कम दिवाळीनंतर हातात पडायची आणि मार्चअखेर खर्च दाखवायचा. मग जे पटकन उरकतं तेच होतं: प्रशिक्षणं, फ्लेक्स, छपाई. पावसाळ्यासाठी मागितलेली होडी जानेवारीत घेऊन काय करायची? उरलेले पैसे 'अखर्चित' म्हणून नोंदले जातात आणि पुढच्या वर्षी त्याच कामाला कात्री लागते, कारण 'जिल्ह्याची खर्च करायची क्षमता नाही'. आता आराखडा दोन वर्षांचा एकदम होतो, पण पैसे वेळेवर येणार नसतील तर त्याने काही बदलत नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचं लिहिलं होतं. तिथवर आपण पोचलो नाही. मुळात पैसाच कमी, मग वरचे आणि खालचे भांडणारच.

उपकेंद्रवाली:
मी एएनएम, म्हणजे उपकेंद्रातली सिस्टर आहे. सर, तुमच्या नऊ पाड्यांसारखे चार पाडे माझ्याकडेही आहेत. गावासाठी मोकळा पैसा म्हणजे गावच्या आरोग्य समितीचा अबंधित निधी, वर्षाला १०,००० पर्यंत. त्यातून आम्ही एक घडीचं स्ट्रेचर आणि दोन मोठ्या बॅटऱ्या घेतल्या. मागच्या जुलैत रात्री कळा सुरू झालेल्या बाईला त्याच स्ट्रेचरवरून ओढ्याच्या अलीकडे आणलं. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. याला कुणाची मंजुरी लागली नाही.

पण त्यातले दोन पाडे शेजारच्या गावाच्या हद्दीत येतात. त्यांचाही निधी आला होता. सरपंच बदलले, बँकेत सही बदलायची राहिली, पैसे दीड वर्ष तसेच पडून. तिथे अजून झोळीच आहे. म्हणून विचारते, तुमचा तो चौथा हिस्सा कोणाच्या सहीने निघणार?

रानवाट:
सिस्टर, याचा मी विचार केला नव्हता. तालुका आरोग्य अधिकाऱ्याची एकच सही, आणि खर्च झाल्यावर हिशेब ग्रामसभेत वाचायचा, हे चालेल का? तुम्ही आणि ताळेबंद, दोघांनी सांगा.