मदत हवी आहे: २६ आठवड्यांत ९ किलो वाढ, बाळाच्या पुढच्या वजनावर परिणाम होतो का?

मानपाडाकर

धाकट्या बहिणीसाठी विचारते आहे, ती घोडबंदर रोडला राहते. वय २९, उंची १५५ सेंमी, दिवस राहण्याआधीचं वजन ५९ किलो, म्हणजे बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) साधारण २४.५. २६ आठवडे पूर्ण झाले, वजन ६८. बीपी ११०/७०, हिमोग्लोबिन ११.२. साखरेची तपासणी दहाव्या आठवड्यात झाली, तेव्हा नॉर्मल होती.

अमेरिकन तक्त्याप्रमाणे ती नॉर्मल गटात येते, एकूण ११.५ ते १६ किलो वाढ चालते. आपल्याकडच्या निकषाने मात्र २३ च्या वर म्हणजे जादा वजन, मग ७ ते ११.५. पहिला धरला तर अजून ७ किलो हातात आहेत, दुसरा धरला तर मर्यादा जवळपास गाठलीच. कोणता धरायचा? आणि आईचं वजन जास्त वाढलं की मूल पुढे लठ्ठ होतं, यात तथ्य किती?

सीवूड्स_नेरूळ

तुम्ही लिहिलेले किलोचे दोन्ही आकडे २००९ च्या एकाच अमेरिकन शिफारशीतले आहेत, आणि तिथे गट बदलतो तो २५ बीएमआयला. २३ ची रेघ वेगळ्या कामासाठी आखलेली आहे: आपल्या लोकांना मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका कमी वजनालाच सुरू होतो, म्हणून. एकाची रेघ आणि दुसऱ्याचे किलो जोडले की चांगली धडधाकट बाईसुद्धा मर्यादेबाहेर दिसायला लागते. २४.५ ला मी नॉर्मल गटच धरेन, पण १६ पर्यंत जायचं नाही.

आता वेग बघा. पहिल्या तीन महिन्यांत अर्धा ते दोन किलो, त्यानंतर या गटात आठवड्याला ३५० ते ५०० ग्रॅम. त्या हिशेबाने २६ आठवड्यांना ५ ते ८.५ किलो होतात. बहीण अर्धा किलो पुढे आहे, एवढंच. उरलेल्या १४ आठवड्यांत आठवड्याला ३०० ते ३५० ग्रॅम वाढ राहिली तर शेवट १३-१४ किलोवर होईल, आणि ते ठीक आहे.

पण आधी ९ हा आकडा खरा आहे का ते पाहा. सुरुवातीचं ५९ घरच्या काट्यावरचं आणि आताचं ६८ दवाखान्यातलं, दुपारी जेवून, चपला घालून घेतलेलं असेल तर एक-दीड किलो सहज खोटा निघतो. काटा एकच ठेवा, फरशीवर ठेवा, पायपुसण्यावर किंवा सतरंजीवर नको. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी संडास-लघवी झाल्यावर, काही खाण्याआधी. रोज करू नका, पाण्याच्या चढउताराने उगाच जीव टांगणीला लागतो.

पारसिक_हिल

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. तथ्य आहे, पण लोक सांगतात तेवढं मोठं नाही.

जास्त वजन वाढणाऱ्या आईचं घर, खाणं, जनुकं हे सगळं मुलाकडेही येतं, त्यामुळे दोष नेमका कशाचा हे वेगळं काढणं अवघड. म्हणून अमेरिकेत अर्कान्सामध्ये एकाच आईच्या दोन किंवा जास्त मुलांची आपसात तुलना केली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे ४२ हजार माता आणि ९१ हजार मुलं होती. गरोदरपणातल्या प्रत्येक जादा किलोमागे मुलाचा बाराव्या वर्षाच्या सुमाराचा बीएमआय सरासरी ०.०२२ ने वाढलेला आढळला. म्हणजे ५ किलो जास्त वाढले तरी फरक ०.११. परिणाम खरा आहे, पण एका मुलापुरता किरकोळ. आईचं दिवस राहण्याआधीचं वजन याहून जास्त महत्त्वाचं ठरतं. म्हणूनच बाळंतपणानंतर हे किलो उतरवणं पुढच्या खेपेसाठी मोलाचं आहे.

जास्त लक्ष द्यायचं ते साखरेकडे. आईच्या रक्तातली साखर वारेतून (प्लॅसेंटातून) बाळाकडे जाते, तिचं इन्सुलिन जात नाही. बाळाचं स्वादुपिंड मग स्वतःचं इन्सुलिन वाढवतं आणि बाळाच्या अंगावर चरबी चढते. वजनकाट्यावर आईचे किलो बेताचे दिसत असतानाही हे होऊ शकतं.

आणखी एक, हे आपल्या भागाचं म्हणून आवर्जून सांगतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने जवळच्या खेड्यांतली बाळं मोजली. सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साऊदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. पण आपल्या बाळांमध्ये कमतरता होती ती स्नायूंची आणि पोटातल्या अवयवांची, पाठीवरची त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. तेव्हा बाळ लहान जन्मलं म्हणजे पुढे लठ्ठपणा टळला, असं आपल्याकडे समजू नये. आईने उपाशी राहून वजन रोखणं हा उपाय नाही, ते याचसाठी.

मानपाडाकर

दोघांचेही आभार. काटा खरंच बदललेला आहे, ते तपासते. ती रोज सकाळी दोन डिंकाचे लाडू आणि मोठा ग्लास दूध दोन चमचे साखर घालून घेते, संध्याकाळी चिकू शेक. रात्रीची पोळी बंद करायचा तिचा विचार चालला आहे.

कोपरी_आहार

पोळी बंद करू नका, लाडू कमी करा.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे गरोदरपणात रोज जादा ३५० किलोकॅलरी लागतात. आता हिशेब करा. साधारण ४० ग्रॅमचा डिंकाचा लाडू २०० च्या आसपास, दोन झाले ४००. २५० मिली फुल क्रीम दूध २१५, दोन चमचे साखर ४०. सकाळीच साडेसहाशे झाले, आणि शेक अजून बाकी आहे. डिंकाचे लाडू मुळात बाळंतिणीचे, तिला दूध पाजताना जादा ऊर्जा लागते म्हणून. आता आठवड्यातून दोन पुरेत. शेकऐवजी चिकू तसाच खावा. दूध गाईचं किंवा टोन्ड, बिनसाखरेचं.

खरी कमतरता बहुधा प्रथिनांची असते. शेवटच्या तिमाहीत रोज २२ ग्रॅम जादा लागतात. वाटीभर घट्ट वरण ७ ग्रॅम, एक अंडं ६, मूठभर फुटाणे ६, वाटीभर दही ५. मासे चालत असतील तर १०० ग्रॅम बांगड्यातून जवळपास २० मिळतात. मांदेलीही उत्तम. मोरी (शार्क) आणि मोठी सुरमई मात्र टाळा, त्यांत पारा साठतो. रात्री दोन पोळ्या, भाजी, वरण असं व्यवस्थित जेवण ठेवा. रात्रीचं जेवण काढून टाकलं की सकाळपर्यंत बारा तासांचा उपास होतो, पित्त उसळतं आणि मग बिस्किटांचा पुडा संपतो. लोहाची गोळी आणि चहा यांत किमान तासभर अंतर हवं. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्याही एकत्र घेऊ नयेत.

डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर प्रत्येक जेवणानंतर १० ते १५ मिनिटं चालणं. घोडबंदरची धूळ आणि खड्डे पाहता सोसायटीच्या पोडियमवरच बरं, सकाळी जमलं तर उपवन तलावाकाठी.

सीवूड्स_नेरूळ

एक राहिलं, आणि ते सगळ्यात आधी करा. दहाव्या आठवड्यातली साखर नॉर्मल होती म्हणून आता सुटका नाही. २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा तपासायचीच असते आणि बहिणीचे दोनच आठवडे उरलेत. ७५ ग्रॅम ग्लुकोज साधारण ३०० मिली पाण्यात, पाच-दहा मिनिटांत पिऊन संपवायचं, मग दोन तासांनी रक्त. आपल्याकडच्या सरकारी पद्धतीत उपाशीपोटी जायची अट नाही. १४० किंवा जास्त आलं तर गरोदरपणातला मधुमेह. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर ती तपासणी धरू नये, दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी. त्या दोन तासांत बसून राहायचं, जिने चढउतार नको.

आणि एका आठवड्यात एक किलोच्या वर वजन वाढलं, सोबत चेहरा-हात सुजले, डोकं दुखलं किंवा नजर अंधुक झाली, तर ते खाण्याचं वजन नव्हे. त्याच दिवशी बीपी आणि लघवीतली प्रथिनं तपासून घ्या. १४०/९० किंवा वर असेल तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

पारसिक_हिल

बाळ झाल्यावर माता व बाल संरक्षण कार्डावरचा वाढीचा आलेख दर वेळी भरून घ्या. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, दोन वर्षांपर्यंत वरची साखर-गूळ नाही, दुधात बुडवलेलं बिस्कीट नाही. नुसतं वजन न बघता उंचीच्या मानाने वजन बघा, ती रेघ भराभर वर ओलांडली जात असेल तर डॉक्टरांना दाखवा. मुलांचा बीएमआय पहिल्या वर्षानंतर साधारण पाच-सहा वर्षांपर्यंत उतरत जातो आणि मग चढतो. हा चढ तिसऱ्या-चौथ्या वर्षीच दिसला तर पुढे वजन जास्त राहण्याची शक्यता वाढते, म्हणून त्या वयात वर्षातून दोनदा तरी उंची-वजन लिहून ठेवा.