डांबर संपलं की आधी ते बटण बंद करायचं, हे ठरवलं कुणी?

चिखलमित्र (धागाकर्ता)

फोर बाय फोर पिकअप घेतली की फुकटचा सल्ला पहिला हा मिळतो: "कच्च्या रस्त्याला लागलास की ते घसरणाऱ्या गाडीचं चित्र असलेलं बटण दाबून सगळं बंद करून टाक." मला आतापर्यंत तिघांनी सांगितलं. ते बटण नेमकं काय बंद करतं, असं विचारल्यावर तिघांनीही "अरे, ते ट्रॅक्शनचं काहीतरी" यापलीकडे गाडी नेली नाही.

माझं मत आधीच मांडतो. ते बटण बंद करायला कारण लागतं, सवय नाही. आणि बंद करणाऱ्यांतल्या निम्म्यांना आपण दोन गोष्टी बंद करतोय की एक, याचा पत्ता नसतो.

ट्रॅक्शन कंट्रोलचं काम साधं आहे. एखादं चाक जागच्या जागी गरगरायला लागलं, की एबीएसच्या (ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरना ते बाकीच्या चाकांपेक्षा जास्त फिरतंय हे कळतं. मग ते इंजिनाचा जोर कमी करतं, त्या चाकाला ब्रेक लावतं, किंवा दोन्ही करतं.

स्टॅबिलिटी कंट्रोल वेगळं. त्याचं लक्ष असतं तुम्ही स्टिअरिंग किती वळवलंय आणि गाडी खरोखर किती वळतेय यावर. डावीकडच्या वळणावर मागचा भाग बाहेर सटकला, तर ते बाहेरच्या बाजूचं पुढचं, म्हणजे उजवं चाक ब्रेकनं धरतं आणि गाडीचं तोंड परत रेषेत आणतं. हे ब्रेक पेडल मारून तुम्हाला कधीच जमणार नाही. पेडल एक असतं आणि चाकं चार.

आता बटण. बऱ्याच पिकअपमध्ये एकदा टिचकी मारली की फक्त ट्रॅक्शन कंट्रोल जातं. गाडी उभी असताना तेच बटण काही सेकंद दाबून धरलं की स्टॅबिलिटीही जाते. मीटरमध्ये दिवे वेगळे लागतात, पण बघतो कोण? दिवा लुकलुकत असेल तर यंत्रणा काम करतेय, सतत पेटलेला असेल तर ती बंद आहे (किंवा बिघडलीय), एवढा फरकही माझ्या त्या तीन सल्लागारांना माहीत नव्हता.

बोला.

जुना गडी

असहमत. लेख चांगला आहे, पण खुर्चीत बसून लिहिल्यासारखा वाटतो. राग मानू नका.

वाळूचा एक चढ सांगतो. फोर हाय (चारही चाकांना जोर, नेहमीच्या वेगाला), दुसरा गिअर, गाडी मस्त वेगात. निम्म्यावर गेलो आणि चाकं थोडी फिरली. वाळूत ती फिरणारच, त्याशिवाय वाळूत गाडी चालतच नाही. यंत्रणेला वाटलं गाडी घसरली. माझा पाय पूर्ण खाली आणि इंजिन मेल्यासारखं गप्प. दोन सेकंद. तेवढ्यात सगळा वेग गेला आणि गाडी चेसिसपर्यंत बसली. फावडं काढलं, टायरची हवा पस्तीसवरून सोळावर आणली, रिव्हर्सनं खाली उतरलो, बटण बंद केलं आणि त्याच चढावर एका दमात वर गेलो.

तुमचं ते स्टॅबिलिटी कंट्रोल पहिल्यांदा आलं ते १९९५ मध्ये, मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये. म्हणजे त्याचा जन्मच डांबरावरचा. त्याला वाळू काय कळणार? ड्रायव्हरचा पाय आणि बुड, हेच खरे सेन्सर. बाकी आपापली मर्जी.

अर्धा क्लच

जुना गडी काकांना +१. माझीही चिखलात अशीच फसली होती. बटण चालू होतं का बंद ते आठवत नाही.

नटबोल्ट

@अर्धा क्लच, मग +१ कशाला? :)

काका, तुमच्या वाळूच्या चढाबद्दल वाद नाही. पण हवा सोळावर आणली आणि बटण बंद केलं, हे दोन्ही तुम्ही एकाच वेळी केलंत. वर नेलं कुणी, हवेनं की बटणानं? माझं पैज लावायचं झालं तर हवेवर.

तुम्ही दोघं दोन वेगवेगळ्या गोष्टींवर भांडताय, असं माझं म्हणणं. ट्रॅक्शन कंट्रोलला दोन हात आहेत. एक इंजिनाचा गळा दाबतो, दुसरा फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावतो. वाळूत तुम्हाला नडला तो पहिला हात. खडकाळ, खाचखळग्याच्या वाटेवर उपयोगी पडतो तो दुसरा.

तो दुसरा हात का लागतो, हे आकड्यांत बघा. आकडे समजण्यापुरते घेतलेत. डिफरन्शियल म्हणजे एक्सलच्या दोन चाकांत जोर वाटणारा गिअरचा संच. साधा, म्हणजे लॉक नसलेला डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो. डावं चाक निसरड्या मातीवर आहे आणि ते २०० न्यूटन मीटरपेक्षा (हे फिरवण्याच्या जोराचं माप) जास्त पेलूच शकत नाही, असं धरा. मग उजवं चाक कोरड्या खडकावर असूनही त्याला २०० च मिळणार. इंजिन कितीही बोंबलू दे. आता यंत्रणेनं डाव्या चाकाला ६०० चा ब्रेक लावला. डिफरन्शियलला वाटतं डावीकडे ८०० ची पकड आहे, म्हणून उजवीकडेही ८०० जातात. ब्रेकमध्ये गेलेले ६०० उष्णता होऊन वाया जातात, पण उजव्या चाकाला मिळालेल्या ८०० वर गाडी निघते.

फक्त एक गोष्ट लोक हमखास चुकतात. ब्रेक लागायला लागला की खालून टर्रर्र-खटखट असा आवाज येतो. ऐकून माणूस घाबरतो आणि रेस सोडतो. रेस सोडली की चाक फिरायचं थांबतं, यंत्रणाही थांबते, गाडी मागे घरंगळते. मग "बघा, हे काही कामाचं नाही". त्या आवाजात पाय स्थिर ठेवायचा असतो. दोन सेकंद दम धरला तर काम होतं.

जुना गडी

ताई, हिशेब पटला. हवेचा टोलाही लागला, मान्य. पण मग एवढा खटाटोप कशाला? मागचा डिफ लॉक टाका की, दोन्ही मागची चाकं एकत्र बांधली जाऊन सारखीच फिरतात. लॉक घसरायच्या आधी काम करतो, तुमची ती यंत्रणा चाक घसरल्यावर जागी होते. शिवाय ब्रेक तापतात. लांब चढावर ब्रेक फार तापले की कित्येक गाड्यांत ट्रॅक्शन कंट्रोल स्वतःहून सुट्टी घेतं. लॉक कधी सुट्टी घेत नाही.

चिखलमित्र (धागाकर्ता)

लॉकवर माझं भांडण नाही. पण बहुतेक पिकअपना लॉक मागच्याच एक्सलला असतो. पुढचा उघडाच. आणि कित्येक मॉडेलांत मागचा लॉक टाकला की ट्रॅक्शन कंट्रोल पूर्ण बंद पडतं, पुढच्या चाकांचंही. काहींत स्टॅबिलिटी आणि एबीएसही जातं. म्हणजे मागे पक्की पकड मिळवलीत आणि पुढचा मदतनीस घरी पाठवलात. काही मॉडेलांत लॉकसोबतही पुढचं चालू राहतं. आपल्या गाडीत कोणतं, हे माहीत असलेला माणूस मला अजून भेटायचाय. मॅन्युअल बुक ग्लोव्हबॉक्समध्ये असतं. त्यावर चहाचा कप ठेवण्यापलीकडेही त्याचा उपयोग आहे.

रिकामा हौदा

मी रोज पिकअप चालवतो, हौसेनं नाही, मालासाठी. तुमच्या वाळू-खडकात मी वर्षातून एकदा जातो. माझा मुद्दा परतीचा आहे.

माल उतरवला की पिकअप हे विचित्र जनावर होतं. इंजिन, केबिन सगळं पुढे, मागे रिकामा पत्रा आणि टनभर वजनासाठी बनवलेले पाटे. मागच्या चाकांवर वजनच नसतं आणि टू हायमध्ये जोर सगळा त्यांनाच. एका पावसात वळणावर, वेग चाळीसच्या आसपास, रेस जरा लवकर दिली. मागची बाजू अशी निघाली की बाजूच्या आरशात मला मागचा नाही, पुढचा रस्ता दिसायला लागला. त्याच क्षणी मीटरमध्ये पिवळा दिवा लुकलुकला, पुढच्या चाकाला कुणीतरी पकडल्यासारखा झटका बसला, रेस आपोआप उतरली आणि गाडी सरळ. मी स्टिअरिंग उलटं फिरवायचा विचार करेपर्यंत सगळं झालं होतं. बुडाचे सेन्सर म्हणाल तर ते नंतर थरथरत होते.

त्यात अशा गाड्या उंच. आडव्या सरकून चाक कशाला तरी अडलं की सरळ कोलांटी. अमेरिकेत २००७ मध्ये स्टॅबिलिटी कंट्रोल सक्तीचा नियम झाला, तेव्हा तिथल्या वाहतूक सुरक्षा खात्याचा अंदाज होता की एकट्या गाडीचे अपघात साध्या कारमध्ये ३४ टक्के आणि एसयूव्हीमध्ये ५९ टक्के कमी होतील. उंच गाडीला फायदा जास्त, हे त्यातच दिसतं.

जुना गडी

हौदेसाहेब, हे सगळं डांबरावरचं झालं. डांबरावर बंद करा असं मी कुठे म्हणालो? आणि त्याच अमेरिकन नियमाचं पुढचं कलम सांगू का? गाडी नव्यानं चालू केली की स्टॅबिलिटी आपोआप परत चालू झालीच पाहिजे, असं त्यात आहे. पण अपवाद आहे, लो रेंजचा, म्हणजे वेग कमी आणि जोर जास्त देणाऱ्या फोर बाय फोरच्या गिअरचा: पुढचा-मागचा एक्सल एकत्र बांधलेला आणि गिअरची घट किमान १.६ पट. नियम लिहिणाऱ्यांनाही ठाऊक होतं की काही ठिकाणी तिला बाजूला बसवावं लागतं.

नटबोल्ट

काका, ते कलम माझ्याच बाजूचं आहे! लो रेंजला सूट आहे, कारण पिकअपमध्ये लो साधारण अडीच पट घट देतो आणि तिथे गाडी माणसाच्या चालीनं चालते. चालीच्या वेगात कोलांटी कोण मारणार? धोका आहे तो मधल्या पट्ट्यात. खडीचा रस्ता, फोर हाय, ताशी सत्तर-ऐंशी. लोक सकाळी वाळूसाठी सगळं बंद करतात, गाडी दिवसभर चालूच राहते, आणि संध्याकाळी खडीवर सुसाट निघतात. काही गाड्यांत ठरावीक वेगानंतर यंत्रणा परत जागी होते, काहींत नाही.

(जाता जाता: कोरड्या डांबरावर फोर हाय लावून "जास्त सुरक्षित" म्हणणाऱ्यांसाठी. ट्रान्सफर केस म्हणजे पुढच्या-मागच्या एक्सलला जोर वाटणारा डबा. पार्ट टाइम, म्हणजे लागेल तेव्हाच फोर बाय फोर लावायच्या गाडीत, त्यात मधला डिफरन्शियल नसतो. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात आणि तो फरक जायला जागा नसते. ताण शाफ्ट आणि गिअरवर चढतो. स्टिअरिंग जड झालं तर ते सांगत असतं.)

अर्धा क्लच

मी चार टायरपैकी दोन नवीन टाकलेत. त्यानं काही होतं?

नटबोल्ट

होऊ शकतं. नवे टायर एकाच एक्सलला टाका. घेर बराच वेगळा असेल तर सेन्सरला ते चाक कायम जास्त किंवा कमी फिरताना दिसतं आणि यंत्रणा उगाच मध्ये येते. पार्ट टाइम फोर बाय फोरला तर पुढचा-मागचा घेर बराच वेगळा चालतच नाही, कारण फोर हाय लावलं की तोच वरचा ताण सरळ रस्त्यावरही चढतो.

जुना गडी

तीन दिवस गप्प होतो, कारण प्रयोग करत होतो. नेहमीचा खाचांचा चढ. चढताना मागचं डावं आणि पुढचं उजवं चाक अधांतरी लटकतं अशी जागा आहे. सगळं लो रेंजमध्ये केलं.

सगळं बंद, लॉक नाही: दोन्ही लटकती चाकं गरगरली, गाडी एक इंचही हलली नाही.

ट्रॅक्शन कंट्रोल चालू: खटखट ऐकून मीच पाय काढला. मागे घरंगळली. ताई, हसू नका.

परत, पाय स्थिर, इंजिन पंधराशे आरपीएमच्या आसपास: फिरणारं चाक थांबलं, जरा वेळ काहीच नाही, मग गाडी हळूहळू वर सरकली. खरं सांगतो, मला पटत नव्हतं म्हणून आणखी दोनदा केलं.

मागचा लॉक: मागची चाकं न गरगरवता, न आवाज करता वर. पण माथ्यावर वळायला गेलो तर नाक सरळच जात राहिलं, दोनदा मागेपुढे करावं लागलं. आणि धागाकर्ते, माझ्या गाडीत लॉकसोबत पुढचं ट्रॅक्शन कंट्रोल जातं. पुढचं उजवं चाक शेवटपर्यंत हवेत फुकट फिरत होतं. इतकी वर्षं गाडी माझी आणि हे मला आता कळलं.

वाळूचं मात्र मी ऐकणार नाही. तिथे बटण बंदच.

चिखलमित्र (धागाकर्ता)

वाळूत मीही बंदच करतो. एकदा टिचकी, दाबून धरत नाही. खोल चिखलातही करतो. तिथे चाक फिरलं तरच टायरच्या खाचांतला चिखल उडतो, नाहीतर टायरचा गोटा होतो.

अर्धा क्लच

आज रिकाम्या मैदानात लो टाकून बघितलं. बटणाला हात लावला नाही तरी स्टॅबिलिटीचा ऑफचा दिवा लागला. बिघाड आहे का?

नटबोल्ट

नाही. बऱ्याच पिकअपमध्ये लोमध्ये स्टॅबिलिटी आपोआप बाजूला होते, ब्रेकवालं ट्रॅक्शन मागे राहतं. हायमध्ये परत आल्यावर दिवा गेला का?

अर्धा क्लच

ते बघितलंच नाही. आत्ता खाली जाऊन बघतो.