एकच कान चालतो, आवाज कुठून येतोय ते कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी,

तीन महिन्यांपूर्वी सकाळी उठले तर उजवा कान बंद. सर्दीने दडा बसला असेल म्हणून वाफारे घेत आठ दिवस काढले, तिथेच चुकलं. आतल्या कानालाच इजा झाली होती. स्टिरॉइड घेऊनही ऐकू परत आलं नाही. डावा कान ठणठणीत आहे.

मला वाटलं होतं, आवाज निम्मा होईल. तसं झालंच नाही. ऐकू बऱ्यापैकी येतं, पण कुठून ते कळत नाही. फोन वाजला की मी डावीकडे धावते, तो असतो उजवीकडे ओट्यावर. कुकरची शिट्टी आपली की शेजारची, हे लेकीला विचारावं लागतं. (सासूबाई म्हणतात, आता एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून देता येणार नाही!) एवढं हसण्यावारी नेलं. पण परवा रस्त्यात हॉर्न डावीकडून वाटला म्हणून उजवीकडे सरकले, आणि रिक्षा उजवीकडूनच येत होती. तेव्हापासून एकटीने बाहेर पडायची धास्ती बसली आहे.

वाचलं ते असं: आवाज एका कानाला आधी आणि दुसऱ्याला जरा उशिरा पोचतो, फरक फार तर ०.६ ते ०.७ मिलिसेकंद, आणि मेंदू त्यावरून दिशा ठरवतो. मग माझं हे कायमचं गेलं का? क्रॉस नावाचं श्रवणयंत्र सुचवलंय, बरंच महाग आहे. त्याने दिशा कळेल का?

कर्णोपकर्णी: मी ऑडिओलॉजिस्ट आहे. वेळेचा फरक मुख्यतः खालच्या पट्टीत, साधारण १५०० हर्ट्झच्या आत कामी येतो. त्यावरच्या आवाजाला डोकं आडवं येतं, पलीकडच्या कानाला तो क्षीण ऐकू येतो. कुकरची शिट्टी या प्रकारातली. लॉर्ड रॅले या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये या दोन्ही गोष्टींची सांगड घातली. तुमच्याकडे आता तुलनेला दुसरा कानच नाही.

उरतात त्या कानाच्या पाळीच्या घड्या. वर-खाली आणि पुढे-मागे हे मुख्यतः त्यांच्यामुळे कळतं, आणि काही जण सरावाने त्यांच्यावरूनच डावं-उजवंही थोडंफार ओळखू लागतात. लेकीला फोन लपवून वाजवायला सांगा, डोळे मिटा, मान सावकाश फिरवा. आवाज सर्वांत मोठा लागेल तेव्हा डावा कान साधारण फोनकडे असतो. रस्त्यात मात्र याच्या भरवशावर राहू नका, आधी डोळे.

क्रॉस उजवीकडचा आवाज उचलून डाव्या कानात टाकतं. उजवीकडून कोणी बोललं तर ऐकू येईल, पण सगळं एकाच कानात जमा होतं, म्हणून दिशेसाठी घेत असाल तर निराशा होईल. कॉक्लिअर इम्प्लांटने (शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवतात, ते श्रवणाच्या नसेला थेट विजेचे संकेत देतं) अनेकांना दिशा बरीच कळू लागते, पूर्वीइतकी नाही. विचारायचं तर लवकर विचारा, कान बंद पडून जितका काळ जातो तितका उपयोग कमी होत जातो.

गालगुंडग्रस्त: माझाही उजवाच, लहानपणी गालगुंडात गेला. फोन वाजला की फ्लॅश चमकेल असं सेटिंग आहे, ते चालू करा. पंगतीत मी कायम उजव्या टोकाला बसतो, म्हणजे सगळं गाव डावीकडे. रिक्षात तीच गोष्ट.

धागाकर्ती: फ्लॅश लावला, फोन उशीखाली नसला तर सापडतो! क्रॉस सध्या थांबवते. एकाच कानासाठी इम्प्लांट केलेलं कोणी आहे का इथे? आवाज सुरुवातीला कसा वाटला, तेवढं सांगा.