दोन एलएलसी, दोन डेकेअर: पन्नासची मोजणी वेगळी की एकत्र?

मेधा_डेकेअर (27 जानेवारी 2026)

नमस्कार. न्यू जर्सीत माझी दोन डेकेअर आहेत. पहिलं 2016 पासूनचं, दुसरं सप्टेंबर 2024 मध्ये सुरू केलं. एलएलसी (कंपन्या) वेगळ्या, ईआयएन (टॅक्सचे नंबर) वेगळे, पेरोलही वेगळं. मालकी मात्र दोन्हीकडे शंभर टक्के माझीच. अमेरिकेत पन्नास किंवा जास्त फुलटाइम लोक असले (पार्टटाइमचे तासही त्यात धरून) तर मालकाला फुलटाइम लोकांना आरोग्य विमा ऑफर करावा लागतो, नाहीतर दंड. मी आजवर कुणालाच विमा देत नव्हते, माझा स्वतःचा नवऱ्याच्या नोकरीतून आहे.

दुसरं डेकेअर सुरू करताना तेव्हाच्या अकाउंटंटनी सांगितलं होतं, "दोन्ही कंपन्या पन्नासच्या आत आहेत, तुम्हाला विम्याची सक्ती नाही. तरी खबरदारी म्हणून जमेल तेवढ्या बायकांना तीस तासांच्या खाली ठेवा." मी ऐकलं. सहा जणींचे आठवड्याचे तास 32 वरून 28 वर आणले. आता अकाउंटंट बदलले, तर नवीन बाईंचा पहिलाच प्रश्न, "दोन्हीकडचे लोक एकत्र मोजले का?"

मार्च 2025 चे आकडे देते. पहिल्या ठिकाणी 22 फुलटाइम आणि पार्टटाइमचे मिळून 1,200 तास. दुसरीकडे 14 फुलटाइम आणि 900 तास. पार्टटाइमचे 120 तास म्हणजे एक माणूस, असं वेगवेगळं धरलं तर 32 आणि 21.5, एकत्र केलं तर 53.5. खरं कुठलं धरायचं?

आणखी एक गोष्ट सांगते, कारण झोप तिच्यामुळे उडाली आहे. आमच्या स्वयंपाकघरात ज्या मावशी आहेत, त्या 62 वर्षांच्या. कुठल्या मुलाला दाणे चालत नाहीत, कुणाला दूध, याची यादी फ्रिजवर त्यांच्याच अक्षरात मराठीत लावलेली आहे. तास कमी केले त्या सहा जणींत त्या आहेत. त्यांचा विमा मार्केटप्लेसवरचा होता, म्हणजे स्वतः विमा घेणाऱ्यांसाठीच्या सरकारी बाजारातला. 2021 मध्ये वाढवलेली फेडरल सबसिडी 2025 अखेर संपली. नवऱ्याची ट्रकची कमाई धरून दोघांचं उत्पन्न सबसिडीच्या आता परत लागू झालेल्या 84,600 डॉलरच्या मर्यादेच्या थोडं वर जातं, त्यामुळे राज्याची थोडीफार मदत सोडली तर हातात काही उरलं नाही. जानेवारीपासून त्यांनी विमा सोडला. परवा विळीशेजारी उभ्या राहून त्या बीपीची गोळी सुरीने अर्धी करत होत्या. "असं पुरवून घ्यायचं," म्हणाल्या. मग विचारलं, "माझे तास कमी केलेस ते माझं काही चुकलं होतं का गं?"

---

पेरोल_चौदा_वर्षं

मेधाताई, एकत्रच मोजायचं. एकाच मालकाच्या कंपन्या आयआरएसच्या (टॅक्स खात्याच्या) हिशेबात एक गट. एलएलसी दोन काय, चार काढल्या तरी फरक पडत नाही. हा नियम अफोर्डेबल केअर ॲक्टने, म्हणजे विम्याची सक्ती आणणाऱ्या कायद्याने, नव्याने आणलेला नाही, रिटायरमेंट प्लॅनसाठी तो आधीपासूनच आहे. तुमच्या जुन्या अकाउंटंटना तो माहीत असायलाच हवा होता.

मोजायचं संपूर्ण मागच्या वर्षाचं. दर महिन्याला फुलटाइम लोक, म्हणजे आठवड्याला 30 किंवा महिन्याला 130 तासवाले, जसेच्या तसे धरायचे. बाकीच्यांचे तास प्रत्येकी जास्तीत जास्त 120 धरून बेरीज करायची आणि 120 ने भागायची. बारा महिन्यांची सरासरी 50 किंवा त्याहून जास्त आली की पुढच्या वर्षी तुम्ही 'मोठे एम्प्लॉयर'.

आता तुमच्या 28 तासांचं बघा. 28 गुणिले 52, भागिले 12 म्हणजे महिन्याला 121 तास. 120 वर अडवले तरी भागाकार येतो पूर्ण एक. म्हणजे मावशींना 32 वरून 28 वर आणून तुमची मोजणी एका दाण्यानेही कमी झाली नाही. झालं एवढंच की विमा ऑफर करायच्या यादीतून त्या बाहेर पडल्या. रोजच्या कामात असे तास कापलेले इतके दिसतात की वाईट वाटतं, आणि बहुतेक ठिकाणी हा भागाकार कुणी करून पाहिलेलाच नसतो.

---

शरद_फार्मसी

मी स्पष्ट बोलतो. दंडाचाही हिशेब करून बघा. 2026 साठी विमा ऑफरच न करण्याचा दंड माणशी 3,340 डॉलर, आणि गटातले पहिले 30 लोक वजा. तुमच्या दोन्हीकडच्या 36 फुलटाइममधून 30 गेले, उरले 6. वर्षाचे 20,040. तेवढ्या पैशात 36 जणांचा विमा होणार नाही. शिवाय एखाद्या तरी फुलटाइम कर्मचाऱ्याने सबसिडी घेतली तरच दंड लागतो.

उन्हाळ्यात कॅम्पसाठी कॉलेजची मुलं घेत असाल तर सीझनल कामगारांची सूटही तपासा. 120 दिवस किंवा चार महिन्यांपर्यंतच पन्नासच्या वर गेलात, आणि वरचे सगळे सीझनल असले, तर तुम्ही मोठ्या एम्प्लॉयरमध्ये येत नाही.

---

मेधा_डेकेअर

शरदभाऊ, सीझनलचं तपासलं. जून ते ऑगस्ट आठ विद्यार्थी होते. पण पन्नासच्या वर आम्ही आठ महिने होतो आणि त्यातल्या पाच महिन्यांत एकही विद्यार्थी नव्हता. सूट बसत नाही. काल रात्री बारा महिने मांडले, सरासरी 51.9. खाली उतरवून 51.

दंड भरून मोकळं व्हायचं, हा विचार माझ्याही मनात आला होता, खोटं कशाला बोलू. पण तुमच्या 36 मध्ये त्या सहा जणी नाहीत. त्यांचे तास परत दिले की फुलटाइम होतात 42, आणि दंड 40,080. हा दंड टॅक्समध्ये खर्च म्हणून वजाही होत नाही. इतके पैसे देऊन माझ्या एकाही बाईला एक गोळी मिळणार नाही. मला तो रस्ता नको.

---

अनघा_बेनिफिट्स

मेधाताई, बेनिफिट्सच्या कायद्याचं काम करते, तुमच्या उपयोगाच्या दोन-तीन गोष्टी सांगते.

2024 मध्ये तुम्ही पन्नासच्या खाली होतात, त्यामुळे 2026 हे तुमचं पहिलंच वर्ष. पहिल्या वर्षी सवलत असते. आधी ज्यांना ऑफर नव्हती त्यांना 1 एप्रिलपर्यंत पुरेशा दर्जाचा विमा ऑफर केला, तर जानेवारी ते मार्चचा दंड लागत नाही. ही तारीख चुकवू नका, ही सवलत पुन्हा मिळत नाही. ऑफर किमान 95 टक्के फुलटाइम लोकांना आणि त्यांच्या 26 वर्षांपर्यंतच्या मुलांना हवी.

कुणी तुम्हाला इक्राचा सल्ला देईल, म्हणजे लोकांनी स्वतः विमा घ्यायचा आणि तुम्ही ठरावीक रक्कम भरून द्यायची. 2020 पासून ही सोय आहे आणि छोट्या धंद्यांना ती सोपी पडते. पण तिची लेखी नोटीस प्लॅन सुरू होण्याच्या 90 दिवस आधी द्यावी लागते. आज दिलीत तर एप्रिलचा शेवट उजाडेल. म्हणून या वर्षी ग्रुप प्लॅन, म्हणजे कंपनीनेच सगळ्यांसाठी विमा घ्यायचा, आणि विम्याच्या ब्रोकरला याच आठवड्यात गाठा.

विमा 'परवडणारा' असला पाहिजे. सगळ्यात स्वस्त प्लॅनचा एकटीचा हप्ता 2026 मध्ये पगाराच्या 9.96 टक्क्यांच्या आत हवा. ताशी दराने मोजायची पद्धत तुम्हाला सोयीची, कारण घरचं उत्पन्न कुणाला विचारावं लागत नाही. दर गुणिले 130, त्याचे 9.96 टक्के.

आणि तास कापण्याबद्दल. ज्यांना विमा मिळत होता अशांचे तास तो चुकवण्यासाठी कमी केल्याचा दावा डेव्ह अँड बस्टर्स या रेस्टॉरंट कंपनीवर झाला होता. 2016 मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टाने तो फेटाळायला नकार दिला आणि पुढे तडजोड झाली. तुमच्याकडे तेव्हा प्लॅनच नव्हता, त्यामुळे तुमची गोष्ट वेगळी आहे. पण प्लॅन सुरू झाल्यावर कुणाचे तास 30 च्या खाली नेताना कामाचं खरं कारण असू द्या आणि ते लिहून ठेवा.

---

मेधा_डेकेअर (2 फेब्रुवारी)

सगळ्यांचे मनापासून आभार. माझ्याकडे सगळ्यात कमी दर ताशी 17 डॉलर. 17 गुणिले 130 म्हणजे 2,210, त्याचे 9.96 टक्के 220.11. त्याच्या आतच ठेवायचं, पण मी कर्मचाऱ्यांचा हप्ता 150 ठरवला आहे. शिक्षिकांना महिन्याला दोनशे सुटत नाहीत, हे मला ठाऊक आहे. ब्रोकरला यादी शुक्रवारी गेली. फी थोडी वाढवावी लागेल, पालकांना पत्र मी स्वतः लिहिणार आहे.

सहाही जणींना आजपासून 32 तास. मावशींना स्वयंपाकघरातच सांगितलं. चूक तुमची नव्हती, मी हिशेब न करता दुसऱ्याचं ऐकलं, असं म्हणाले. त्या काही बोलल्या नाहीत, पोळपाट पुसत राहिल्या. थोड्या वेळाने विचारलं, "यांनाही घेता येईल का त्यात?" अनघा, जोडीदाराला ऑफर देता येते ना?

---

अनघा_बेनिफिट्स

येते. सक्ती फक्त कर्मचारी आणि मुलांची आहे, जोडीदार तुमच्या मर्जीवर. मात्र त्यांच्या हप्त्याचा वेगळा आकडा ब्रोकरकडून आधी घ्या. 2023 पासून कुटुंबाचा हप्ता वेगळा तपासतात. तो घरच्या उत्पन्नाच्या 9.96 टक्क्यांच्या वर गेला, तर तुमची ऑफर असूनही जोडीदार मार्केटप्लेसच्या सबसिडीतून बाद होत नाही. मावशींचे यजमान सध्या उत्पन्नामुळे तिथे बसत नाहीत, पण त्यांची ट्रकची कमाई वर्षागणिक बदलत असेल तर पुढच्या नोव्हेंबरात दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघायला सांगा. आणि मावशींना 1 एप्रिलपर्यंत थांबवू नका, डॉक्टरांकडे आत्ताच पाठवा. बीपीची बरीचशी जेनेरिक औषधं विम्याशिवायही स्वस्तात मिळतात.

---

शरद_फार्मसी

हे मीच सांगणार होतो. मावशींच्या गोळीचं नाव आणि मिलिग्रॅम मला मेसेज करा, 90 दिवसांचा रोख भाव आजच कळवतो. तोवर गोळी अर्धी करू नका म्हणावं.